मांडीवरचे शेवटचे दिवस : एका तैलचित्रासाठी केलेला चार दिवसांचा प्रवास

लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला निघाले, तेव्हा पाच महिन्यांच्या त्या मुक्कामातून स्वतःसाठी चार दिवस मागून घ्यायचे, हे मी घरून निघतानाच ठरवले होते. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवली, आणि त्या सगळ्या काळात माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एका चित्राची वहीच्या पानाएवढी छापील प्रत चिकटवलेली होती. काळ्या पोशाखातील आई आणि तिच्या मांडीवर रेललेला तीन वर्षांचा मुलगा असे ते चित्र. अमेरिकी चित्रकर्ती सिसिलिया बो, चित्राचे फ्रेंच नाव ‘ले देर्निए जूर दाँफाँस’, रंगवण्याचा काळ १८८३ ते १८८५ आणि ठिकाण फिलाडेल्फिया. छपाईत त्यातील काळे रंग एकमेकांत विरघळून गेले होते. आईचा पोशाख कुठे संपतो आणि खोलीतील काळोख कुठे सुरू होतो हे त्या प्रतीत कळत नसे. मूळ चित्रात ते कळते का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

नात तीन महिन्यांची झाली तेव्हा ऑक्टोबर लागला होता. लेकच म्हणाली, “आई, आता तू जाऊन ये. बाळाचं आम्ही दोघं बघतो.” माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो. “मावशी, तू एकटी कशाला फिरतेस, मी येतो,” असे म्हणून त्याने रजा काढली आणि आम्ही दोघे निघालो.

पहिला दिवस : वॉशिंग्टन

लेकीचे घर मेरीलँडमध्ये असल्यामुळे सुरुवात वॉशिंग्टनपासून केली. स्मिथसोनियनच्या अमेरिकी कला संग्रहालयात बो यांनी १८९८ मध्ये रंगवलेले ‘मॅन विथ द कॅट’ हे व्यक्तिचित्र आहे. पांढऱ्या उन्हाळी सुटातील एक भारदस्त गृहस्थ खुर्चीत बसले आहेत आणि त्यांच्या मांडीवर एक तांबूस मांजर ऐसपैस बसले आहे. हे गृहस्थ म्हणजे हेन्री स्टर्जिस ड्रिंकर, चित्रकर्तीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जे पुढे लीहाय विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. पांढऱ्या कापडावर पडलेल्या उन्हात निळसर, पिवळसर, गुलाबी अशा किती छटा आहेत हे मोजत मी बराच वेळ उभी होते. पांढरा रंग पांढरा म्हणून लावायचा नसतो, हे वर्गात मी वर्षानुवर्षे तोंडी सांगत आले. त्या दिवशी हे चित्र जवळ असते तर एका मिनिटात दाखवता आले असते.

दुपारी नॅशनल गॅलरीत ‘सीता अँड सरिता’ पाहिले. नाव वाचून कोणताही मराठी माणूस थबकेल, पण ही सरिता म्हणजे नदी नव्हे. सारा या नावाचे ते स्पॅनिश लाडके रूप आहे. पांढऱ्या वेषातील सरिता ही चित्रकर्तीच्या नात्यातली, आणि तिच्या खांद्यावरून थेट आपल्याकडे रोखून पाहणारी काळी मांजर म्हणजे सीता. मूळ चित्र १८९३-९४ मधले असून ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. वॉशिंग्टनमध्ये आहे ती बो यांनीच पुढे १९२१ च्या सुमारास स्वतःच्या हाताने केलेली दुसरी आवृत्ती. चित्र देखणे आहे, तरी माझे मन त्यात रमले नाही, कारण ते आधीच फिलाडेल्फियाला जाऊन पोहोचले होते.

दुसरा दिवस : फिलाडेल्फिया

सकाळच्या रेल्वेने दोन तासांच्या आत आम्ही फिलाडेल्फियात उतरलो. सामान हॉटेलात टाकून थेट ब्रॉड आणि चेरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. पेनसिल्व्हेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्स ही संस्था १८०५ मध्ये स्थापन झाली आणि तिची ही इमारत, फ्रँक फर्नेस आणि जॉर्ज ह्यूइट या वास्तुविशारदांनी बांधलेली, १८७६ मध्ये खुली झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाल्याचे प्रदर्शन याच शहरात भरले होते ते वर्ष. दारातून आत शिरताना जागा बेताची वाटते, आणि चार पायऱ्या चढताच डोक्यावर निळे छत उघडते, ज्यावर चंदेरी तारे जडवले आहेत. भिंती लाल असून त्यांवर सोनेरी फुले आहेत. एवढ्या थाटाच्या जिन्यावरून चढून गेल्यावर त्या शांत, काळसर चित्रापुढे उभे राहायचे म्हणजे डोळ्यांना निवायला थोडा वेळ द्यावा लागतो.

चित्र आडवे आहे, सुमारे १३७ सेंटीमीटर रुंद आणि ११६ सेंटीमीटर उंच. माझ्या कपाटातील प्रतीवरून मी ते निम्म्याएवढे धरून चालले होते. आई बैठ्या खुर्चीत बसली आहे आणि आपण तिच्याजवळ उभे राहून किंचित वरून पाहत आहोत, अशी दृष्टी बो यांनी मुद्दाम योजली होती. मुलाच्या अंगात आखूड पांढरा सुती अंगरखा आहे, त्याचे उघडे पाय आईच्या गुडघ्यांवरून पलीकडे लोंबत आहेत, आणि आईचे डोके त्याच्यावर झुकलेले आहे.

ज्यासाठी आले होते ते आधी पाहून घेतले. मूळ चित्रात काळे रंग वेगळे होतात. आईच्या अंगातील घट्ट विणीची काळी बंडी उजेड पिऊन टाकते, तर गुडघ्यांवरून ओढलेल्या काळ्या शालीवर उजेड थोडासा रेंगाळतो. पाठीमागचा काळोख तर काळा नाहीच, तो उबदार तपकिरी आहे. बाजूला सरकून तिरप्या उजेडात पाहिले तेव्हा शालीच्या घड्यांवरून कुंचला कुठे ओढत नेला आणि कुठे नुसता टेकवून उचलला, हेही दिसले. भाच्याला मी हे बोटाने दाखवू लागले, तेव्हा पहारेकरी बाईंनी नम्रपणे दोन पावले मागे व्हायला सांगितले. चूक माझीच होती.

मात्र खरे चित्र हातांत आहे. आईने मुलाभोवती घातलेले हात पुढे एकमेकांत गुंफले आहेत आणि त्या फिकट, जवळजवळ रक्तहीन गोऱ्या हातांवर मुलाचे हात येऊन पडले आहेत. मुलाने आईचा हात धरलेला नाही, नुसता त्यावर आपला हात ठेवला आहे, आणि आईनेही मुलाला घट्ट धरलेले नाही. उठावेसे वाटले तर तो सहज उठू शकेल एवढीच तिची मिठी आहे. चार हात एका ठिकाणी आणायचे, त्यांतली बोटे गुंतू द्यायची नाहीत, आणि कोणाचा हात कुठला हे क्षणभरही विचारावे लागू नये, हे काम किती अवघड असते ते ज्याने एकदा तरी समोर माणूस बसवून हात काढला आहे त्यालाच कळेल. बो यांनी हे रंगवायला घेतले तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी पॅरिस पाहिले नव्हते. न्यूयॉर्कचे चित्रकार विल्यम सार्टेन दर पंधरा दिवसांनी येऊन त्यांच्या आणि इतर काही तरुणींच्या वर्गाचे काम पाहत आणि चुका सांगत, एवढेच त्यांचे तैलरंगातील मुख्य शिक्षण. त्याआधी पोटासाठी म्हणून त्यांनी चिनी मातीच्या बशांवर मुलांचे चेहरे रंगवले होते आणि एका शास्त्रज्ञासाठी जीवाश्मांची बारीक रेखाटनेही केली होती.

या चित्राशेजारी अमेरिकी चित्रकार व्हिस्लर यांनी रंगवलेल्या स्वतःच्या आईच्या प्रसिद्ध चित्राचे नाव हटकून घेतले जाते. ते चित्र १८८१ मध्ये याच अकादमीत प्रदर्शनात होते, आणि काळ्या पोशाखातील बसलेली स्त्री, मोकळी भिंत, मोजून केलेली रचना हे साम्य उघड आहे. पण व्हिस्लर यांची आई एकटी, भिंतीसारखीच करडी आणि दूर आहे. बो यांनी तीच खुर्ची, तोच काळा पोशाख घेतला, त्यात एक मूल आणून बसवले आणि सगळ्या खोलीचा रंगच ऊबदार करून टाकला. माझ्या मते हे अनुकरण नव्हे, उत्तर आहे.

शीर्षकावर मात्र मी पुष्कळ दिवस अडून होते. ‘बालपणाचे अखेरचे दिवस’ हे शब्दशः भाषांतर होईल. पण तीन वर्षांच्या मुलाचे बालपण कुठे संपले? ‘शैशव’ म्हणावे तर शब्द पुस्तकी होतो. आपल्याकडे घरात बोलताना ‘मांडीवरचे मूल’ असा एक शब्द आहे, आणि मुलाचे वय महिन्यांत सांगण्यापेक्षा तो अधिक नेमके सांगतो. या चित्रातील मूल मांडीत आता मावत नाही. त्याचे पाय बाहेर आले आहेत. हे मांडीवरचे शेवटचे दिवस आहेत. लेकीच्या घरी साडेतीन वर्षांचा नातू बाळ आल्यापासून दिवसातून दहादा येऊन आईची मांडी रिकामी आहे का ते पाहून जात असे, आणि नसली तर काही न बोलता तिच्या खांद्याला टेकून उभा राहत असे. मला शीर्षक त्याच्याकडून उलगडले.

तिसरा दिवस : फिलाडेल्फिया

सकाळी चेस्टनट स्ट्रीटवर १३३४ हा क्रमांक शोधत गेलो. तिथे बो यांचा स्टुडिओ होता. चित्रातली लाकडी पट्ट्यांची भिंत, गालिचा, ती जुन्या घराची ऊब हे सारे खरे घर नव्हतेच. चित्रकर्तीच्या मनातील खोली स्टुडिओच्या एका भागात उभी केलेली होती. मॉडेल घरचीच होती. आई म्हणजे बो यांची थोरली बहीण एटा आणि मुलगा तिचा हेन्री, १८८० मध्ये जन्मलेला. आज त्या फुटपाथवर दुकानांची वर्दळ आहे. कोपऱ्यापासून काही पावलांवर नगरपालिकेची प्रचंड इमारत दिसते, जिचे बांधकाम १८७१ पासून १९०१ पर्यंत चालले. म्हणजे एटा लेकराला घेऊन बहिणीसमोर बसायला येत असे तेव्हा शेजारी दगड घडवण्याचे काम चालू असणार.

या दोघी बहिणी आईविना वाढल्या. सिसिलियाचा जन्म १ मे १८५५ चा, आणि त्यानंतर बारा दिवसांनी त्यांची आई सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतिणीला येणाऱ्या तापाने, गेली. फ्रेंच वडील ते दुःख सोसवेना म्हणून मायदेशी निघून गेले आणि मुली आजी व मावश्यांनी सांभाळल्या. सिसिलिया हे आईचेच नाव. ते उच्चारणे घरच्यांना जड जाई म्हणून मुलीला सगळे ‘लेली’ म्हणत. आपल्याकडे सासूचे किंवा आजीचे नाव मुलीला ठेवतात आणि ते तोंडाने घ्यायचे नाही म्हणून हाकेला दुसरे नाव वापरतात, त्याची मला आठवण झाली. तेव्हा जिला आईची मांडी जेमतेम मिळाली अशी थोरली आणि जिला मिळालीच नाही अशी धाकटी, या दोघींनी मिळून हे चित्र केले आहे. ते हात इतके सैल, इतके जपून का धरले आहेत, हे मला तिथे उभे असताना समजल्यासारखे वाटले.

सूतिकाज्वर सुइणींच्या आणि डॉक्टरांच्या हातांतून बाळंतिणीला लागतो, हे बोस्टनचे डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये लिहिले होते आणि व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये हात धुवायला लावून सिद्ध करून दाखवले होते. फिलाडेल्फियातील प्रसूतिशास्त्राचे मातब्बर प्राध्यापक चार्ल्स मेग्ज यांनी मात्र ते मानले नाही. सभ्य गृहस्थाचे हात स्वच्छच असतात, असा त्यांचा दावा होता आणि या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी याच शहरात लेलीची आई गेली. त्या बाळंतपणाशी मेग्ज यांचा संबंध होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण या शहरातील मोठ्या माणसांची त्या काळची समजूत काय होती, हे त्यावरून कळते.

यानंतर आम्ही बसने नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूकडे गेलो, आणि तिथे का जायचे हे भाच्याला सांगावे लागले नाही. ज्या शरद ऋतूत बो यांनी हे चित्र सुरू केले, त्याच १८८३ च्या ऑक्टोबरात कल्याणात जन्मलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी या रस्त्यावरील विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले होते आणि ते दहा दिवसांत गेले होते. इकडे आईविना वाढलेली मुलगी आई आणि मूल रंगवत होती, आणि त्याच शहरात मूल गमावलेली आई प्रसूतिशास्त्र शिकत होती. प्राचीन आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हाच आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. बो आणि आनंदीबाई कधी भेटल्या असे मानायला काहीच आधार नाही. परंतु त्या अडीच वर्षांत दोघी एकाच हवेत, एकाच हिमात, त्याच ट्रॅमगाड्यांच्या आवाजात काम करत होत्या, एवढे मात्र नक्की, आणि मराठी माणसाला हे चित्र पाहताना ते विसरता येणार नाही.

त्या रस्त्याच्या कडेने गिरार्ड कॉलेजची दहा फूट उंच दगडी भिंत चालत राहते. पोरक्या मुलग्यांसाठी काढलेली ही शाळा १८४८ मध्ये सुरू झाली. आनंदीबाईंनी ही भिंत रोज पाहिली असेल. मी तिच्या दगडावर हात ठेवला; उन्हात असूनही तो गार होता. भाच्याने फोटो काढू का म्हणून विचारले, पण मी नको म्हटले.

दुपारी पुन्हा अकादमीत गेलो. दुसऱ्यांदा पाहताना मी मुलाच्या चेहऱ्याकडे अधिक पाहिले. तपकिरी डोळ्यांचा हा मुलगा पुढे नामांकित वकील झाला आणि जर्मन संगीतकार बाखच्या गीतांची इंग्रजी भाषांतरे करून संगीताच्या जगातही नाव मिळवून गेला. त्याचा धाकटा भाऊ फिलिप याने १९२८ मध्ये सहकाऱ्याबरोबर ‘आयर्न लंग’ हे श्वासयंत्र बनवले, ज्याने पोलिओच्या कितीतरी रुग्णांचे प्राण वाचवले. एटाच्या मांडीवरून उतरलेली मुले बरीच लांब गेली.

चित्राचाही प्रवास झाला. १८८५ मध्ये अकादमीच्या प्रदर्शनात त्याला, शहरातील स्त्री-चित्रकारांसाठी असलेले मेरी स्मिथ पारितोषिक मिळाले. नंतर एका मैत्रिणीने ते पॅरिसला नेले, आणि १८८७ च्या सॅलोमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, ते मोक्याच्या जागी लागले. चित्रकर्ती स्वतः पॅरिसला गेल्या त्या १८८८ च्या आरंभी, म्हणजे चित्र आधी जाऊन आले आणि त्या मागून गेल्या. १८९५ मध्ये याच अकादमीने त्यांना शिक्षक म्हणून नेमले. तिथे पूर्णवेळ शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे वीस वर्षे त्या शिकवत होत्या. शिक्षिका म्हणून मला त्या वीस वर्षांचा फार आदर वाटतो, कारण व्यक्तिचित्रांची मोठी मागणी असताना वर्गात उभे राहून दुसऱ्यांच्या चुका सुधारणे हे काम कोणी हौसेने करत नाही.

संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, तू माझं असं चित्र काढायचीस, आठवतं? मी बसायचोच नाही.” मला आठवत होते. तो तीन वर्षांचा असताना ताईच्या मांडीवर बसवून मी पेन्सिलने त्याला काढायला घेतले होते. त्या कागदावर ताई पूर्ण आहे, तिचे दोन्ही हात आहेत आणि मधली जागा कोरी आहे. तो उठून गेला होता.

चौथा दिवस : न्यूयॉर्क

न्यूयॉर्कला पोहोचायला दुपार झाली. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहण्यासारखे इतके आहे की महिनाही पुरणार नाही, पण आम्ही विचारत विचारत अमेरिकी विभागात गेलो आणि एकाच चित्रापाशी थांबलो. ‘अर्नेस्टा’, १८९४. ही एटाची मुलगी, म्हणजे त्या हेन्रीची धाकटी बहीण, चित्रात जेमतेम दोन वर्षांची आहे. दहा वर्षांत चित्रकर्तीचा हात किती मोकळा झाला ते पाहावे. काळोख गेला आहे, शाल गेली आहे, खोलीभर उजेड आहे आणि रंग पातळ, वेगाने लावलेले आहेत. पांढऱ्या झग्यातील मुलगी जमिनीवर आपल्या पायांनी उभी आहे, आपल्याच दिशेने चालत येते आहे. तिच्या बाजूला दाई आहे, पण चौकट मुलीच्या उंचीला मापून घेतल्यामुळे दाईचा चेहरा, खांदे सगळे वर कापले गेले आहे. दिसतो तो तिचा लांब झगा आणि खाली आलेला एक हात. अर्नेस्टाने आपला हात उंच करून तो धरला आहे. या वेळी नुसता ठेवलेला नाही, धरला आहे.

मी गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले आणि तिच्या उंचीवरून ते दोन हात पाहिले. दाईची बोटे थोडीशी वाकलेली आहेत, आणि त्यांत मुलीची मूठ अर्धीच मावली आहे.